कमी मसाला, जास्त वेळ : प्रस्तावना

नागपूरच्या माणसाला मटणाबद्दल काही शिकवायला जाऊ नये. पोळ्याची कर असो, धुळवड असो की नुसता रविवार, खाटकाकडे किती वाजता पोचायचं, मांडी किती घ्यायची, नळ्या मागून घ्यायच्या की त्याच्या मर्जीवर सोडायच्या, हे इथे मिसरूड फुटण्याआधी कळतं. तर्रीचा रंग बघून सावजीच्या चुलीपुढे आज कोण उभं आहे ते सांगणारे लोक मला माहीत आहेत. याच मंडळींपुढे डुकराच्या मटणाचा विषय काढून बघा. निम्मे विषय बदलतात. उरलेल्यांतले जे खातात ते आधी इकडेतिकडे बघतात आणि मग आवाज खाली आणून सांगतात की हो, वर्षातून एकदा, नाताळात, एका मित्राकडे.

पुढची पानं त्या खालच्या आवाजातल्या स्वयंपाकाची आहेत, आणि त्यातही एकाच पदार्थाची. डुकराच्या खांद्याचा दोनेक किलोचा अख्खा तुकडा, त्याला मोजका मसाला चोळून रात्रभर ठेवलेला, दुसऱ्या दिवशी सावकाश भाजून घरच्या सहासात माणसांना रात्री जेवायला वाढलेला. याला सगळेच रोस्ट म्हणतात, मीही तेच म्हणेन. पदार्थ साधा आहे. इतवारीच्या किराणा ओळीत मिळणार नाही असं त्याला काही लागत नाही. अवघड जातात त्या दोनच गोष्टी, मसाला कमी घालणं आणि वेळ जास्त देणं. आणि नागपुरी हाताला नेमक्या ह्या दोन्हींची सवय नाही.

हा पदार्थ इथे आला कुठून? १८२१ साली कामठीला इंग्रजांची छावणी बसली. १८६७ मध्ये मुंबईकडून जीआयपी रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगॉल नागपूर रेल्वेने पुढे पूर्वेचा रस्ता धरला. छावणी आणि रेल्वे यांच्यामागून अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड आले, गोव्याची कुटुंबं आली, मद्रासकडचे ख्रिस्ती आले, शाळा चालवणाऱ्या सिस्टर्स आल्या. सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची आहे. साहेबाच्या घरात रविवारचं रोस्ट भट्टीत व्हायचं. बाकीच्यांच्या घरी भट्टी कुठली? म्हणून ते पातेल्यात उतरलं. गोव्यात आणि वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत आजही रोस्ट म्हणजे बहुतेक वेळा जाड बुडाच्या भांड्यात, आलं-लसूण-मिरी चोळून, आधी परतलेला आणि मग थोड्या पाण्यावर झाकून शिजवलेला अख्खा तुकडाच असतो. नागपुरात पातेल्याला गंज म्हणतात, एवढाच फरक. इथे एक गैरसमज काढून टाकतो. सगळे ख्रिस्ती डुक्कर खातात असं अजिबात नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे मटण दाराच्या आत न आलेली मराठी ख्रिस्ती घरं भरपूर आहेत.

आणि छावणीच्या आधी या मुलखात डुक्कर कोणी खातच नव्हतं असं समजू नये. हे शहरच अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने वसवलं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिलेले चार खंड १९१६ मध्ये निघाले. त्यांत गोंडांच्या एका विधीचं वर्णन आहे. नारायणदेवाच्या नावाने डुक्कर राखून ठेवायचं, वाढवायचं आणि ठरल्या वेळी वाजतगाजत देवाला द्यायचं. मग मटण सगळ्यांचं. तिथे आवाज खाली करण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याहून मागे गेलं तर थेट राजाचं स्वयंपाकघर लागतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा ग्रंथ येतो तो ओवीमुळे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असं त्यात म्हटलंय, आणि ही नोंद आपण शाळा-कॉलेजात अभिमानाने पाठ करतो. त्याच ग्रंथातल्या अन्नाच्या प्रकरणात डुक्कर कसं साफ करायचं आणि भाजायचं तेही दिलेलं आहे, ते मात्र कोणी पाठ करायला लावत नाही. केस काढायच्या दोन रीती सांगितल्या आहेत. एक, अंगावर पांढरं कापड टाकून वरून कढत पाणी ओतायचं, म्हणजे केस हाताने उपटून येतात. दुसरी, अंगाला चिखल लिंपून गवताच्या जाळावर धरायचं. मग कापणं, विस्तवावर भाजणं. नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाला हे लिहिताना संकोच वाटला नाही, हे मला फार आवडतं.

संकोच पुढे कसा आला ते सांगायला जातीचं नाव घ्यावंच लागतं. डुकरं पाळली कैकाड्यांनी, वडारांनी, गावाच्या कडेला ढकललेल्या आणखी कित्येकांनी. गावाने त्या माणसांना आणि त्या जनावराला एकाच नजरेने बघितलं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त शाळकरी जब्याला बापासोबत गावभर डुकरामागे पळावं लागतं, आणि बघणारे हसतात. डुकराची शिसारी म्हणून आपण जे सांगतो त्यात डुकराचा वाटा किती आणि माणसांचा किती, हे त्या पळापळीत उघडं पडतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं, आणि मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचा स्वयंपाक पहिल्यांदा असा सविस्तर कागदावर उतरला. मराठी पाकपुस्तकांच्या कपाटात त्या आधी काय काय नव्हतं, ते हे पुस्तक वाचल्यावर कळतं. मी इथे जे लिहितोय त्याला त्या पुस्तकाचा आधार वाटतो, जरी माझा पदार्थ दुसऱ्याच घरांतून आला असला तरी.

रानडुकराचं एका वाक्यात उरकतो. विदर्भातल्या शेतकऱ्याचा त्याच्यावर कितीही राग असला आणि तो रास्तही असला, तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते संरक्षित आहे. कोणी ‘जंगलाचा माल’ आणून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता मटण. घ्यायचा तो खांदा. पाठीचं मांस दिसायला देखणं, पण त्यात चरबी कमी; जरा जास्त भाजलं की कोरडं ठक्क. खांद्यात चरबीच्या रेषा आणि चिवट पांढरे पडदे गुंतलेले असतात. घाईने शिजवलं तर हेच पडदे दातात अडकतात. पण आतली उष्णता सत्तर अंशांच्या वर जाऊन तिथे निवांत राहिली की ते विरघळायला लागतात, आणि त्यांचा चिकटसर ओला रस मांसात मुरतो. म्हणून खांद्याला वेळ द्यायचा. स्वस्तही हाच भाग.

विकणारा तुकडे करायलाच बसलेला असतो. सुरी खाली यायच्या आत सांगावं लागतं.

‘‘दादा, तुकडे नका करू. अख्खाच द्या.’’

‘‘अख्ख्याचं काय करता जी?’’

‘‘भाजतो.’’

‘‘शिजन का जी थो?’’

त्याची शंका रास्त आहे. त्याचं सगळं गिऱ्हाईक बारीक तुकड्यांचं, रश्श्याचं. तुकडा हातात घेऊन बघा. रंग गुलाबी-लालसर, चरबी पांढरी आणि घट्ट, वास जवळपास नाहीच. कातडी ठेवायला सांगा. गावठी डुकराच्या कातडीवर जाळाचे काळे डाग असतात आणि धुराचा वास येतो. मानसोल्लासातली जाळाची रीत अजून मोडलेली नाही. आणि मांसाच्या कापलेल्या बाजूवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरट फोड दिसले तर तो माल घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो.

हे दाणे म्हणजे पट्टकृमीच्या अळ्यांच्या पिशव्या. इथे थोडं थांबतो, कारण ‘डुकराने मेंदूत जंत होतात’ हे वाक्य प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. त्यात अर्धं खरं आहे. असं मटण कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र जंताच्या अंड्यांमुळे. ही अंडी जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेली भाजी, घाण पाणी, अस्वच्छ हात यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून जन्मात मटणाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो, आणि आपल्या देशात फिट्स येण्याचं ते एक मोठं कारण आहे. उपाय दोन: उघड्यावरच्या घाणीत चरलेल्या डुकराचं मटण न घेता पाळीव, खाणं घालून वाढवलेल्या जनावराचं घ्यायचं, आणि पूर्ण शिजवायचं. अमेरिकेच्या शेती खात्याने २०११ मध्ये डुकराच्या अख्ख्या तुकड्यासाठी ७१ ऐवजी ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटं विसावा पुरे असं जाहीर केलं. आतून गुलाबी ठेवण्याची ती हौस त्यांना लखलाभ. आपला खांदा मऊ व्हायलाच आत ८५ ते ९० अंश लागतात, तेव्हा चवीसाठी जे करायचं त्यातच सुरक्षितपणाचंही काम होऊन जातं.

मसाल्याकडे येतो, कारण घोळ होतो तो इथे. सावजी मसाल्याबद्दल मला प्रेम आहे. दगडफूल, खसखस, शहाजिरं, मिरी, तेजपान, सुकं खोबरं, सगळं तेलात नीट भाजून वाटलेलं. विणकर हलबा-कोष्ट्यांच्या घरांतून निघून या शहराची ओळख झालेला मसाला. पण तो रश्श्याचा मसाला आहे. त्याला तेल लागतं, पाणी लागतं, खळखळून उकळी लागते. तीन तासांच्या कोरड्या आचेत खोबरं आणि खसखस पहिल्या तासातच करपते, आणि मग वरचा थर कडू होतो. शिवाय डुकराच्या चरबीला स्वतःची गोडसर चव आहे. ती चव झाकायची असेल तर डुकरावर पैसे घालवू नयेत, बोकडच आणावा.

तेव्हा दोन किलोला एवढंच. मीठ ३० ग्रॅम, वजन करून. अंदाजाने घातलेलं मीठ अख्ख्या तुकड्याला नेहमी कमी पडतं. गावरान लसणाचा एक मोठा गड्डा, दोन बोटं आलं, चमचाभर मिरी, अर्धा चमचा जिरं, पाचसहा लवंगा, दालचिनीचा एक तुकडा. भिवापूरच्या चारपाच सुक्या मिरच्या कोमट पाण्यात भिजवून. वायगावची हळद चमचाभर. दोन मोठे चमचे व्हिनेगर. गोव्यात माडाचं असतं, आपल्याला साधं चालतं, नाहीतर लिंबू. पण आंबट जास्त झालं की रात्रभरात बाहेरचा थर भुसभुशीत होतो. हे सगळं गंधासारखं वाटायचं आणि फक्त मांसाच्या बाजूला चोळायचं, सुरीच्या टोकाने भोकं पाडून आतही भरायचं. वाटण उरल्यासारखं वाटलं तर बरोबर झालंय. ‘अजून थोडा गरम मसाला घालू का’ असं कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारातून विचारतंच. त्या व्यक्तीला बटाटे सोलायला द्यावेत.

कातडीला मसाला लावायचा नाही. तिच्यावर कढत पाणी ओतून, सुरीने खरवडून, फडक्याने इतकी कोरडी करायची की बोट फिरवलं तर चिकटता कामा नये. मग धारदार सुरीने अर्ध्या अर्ध्या बोटावर रेषा पाडायच्या. सुरी कातडी आणि चरबी कापून थांबली पाहिजे. मांसात गेली तर रस वर येतो आणि तेवढा भाग कधीच कुरकुरीत होत नाही. रेषांत मीठ दाबायचं. तुकडा ताटलीत, कातडी वर करून, न झाकता फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रात्रभर. फ्रीजची कोरडी हवा कातडीतलं उरलेलं पाणी ओढून घेते, आणि उद्याचा कुरकुरीतपणा आज रात्रीच ठरतो. डिसेंबरात नागपूरला थंडी असते म्हणून बाहेर ओट्यावर ठेवण्याचा मोह होईल. ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीजी १६० अंशांवर. तुकडा खालच्या जाळीवर, कारण लहान ओटीजीत वरच्या कॉइलजवळ कातडी तासाभरात कोळसा होते. खाली ट्रेमध्ये पेलाभर पाणी आणि अर्धे कापलेले बटाटे. वरून ठिबकणाऱ्या चरबीत ते असे भाजले जातात की पोरं रोस्टकडे बघतही नाहीत. साधारण तीन तास. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर विणकामाची सुई धुऊन खुपसा. लोण्यात गेल्यासारखी गेली की झालं. मग आच २२० वर नेऊन वीसेक मिनिटं, पण आता समोरून हलायचं नाही. कातडी आधी फुगते, मग तिच्यावर बारीक फोड येतात, आणि रंग सोनेरीवरून तपकिरीवर जाताना तडतड ऐकू येते. फोड एकाच कोपऱ्यात येत असतील तर ट्रे फिरवा. काळं व्हायला दोन मिनिटंही पुरतात.

शेवटच्या अर्ध्या तासात मी एक आगाऊपणा करतो. आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतो, म्हणजे नाताळाला घरात करंडी असतेच. दोन संत्र्यांचा रस आणि थोडी किसलेली साल खालच्या ट्रेमधल्या रसात सोडायची. वर मांसावर ओतायची नाही, साखर जळते. रोस्टला संत्रा लावायची रीत युरोपातही आहे, पण त्यांचा संत्रा आणि आपला यांत मी आपली बाजू घेणार हे उघड आहे.

ओटीजी नसेल तर गंज. तुकडा त्याच्याच चरबीवर चारी बाजूंनी लाल करून घ्यायचा, वाटीभर पाणी, घट्ट झाकण, सगळ्यात बारीक गॅस, दोन-अडीच तास. मध्ये दोनदा उलटायचा आणि तळाला पाणी आहे ना बघायचं. कातडी कुरकुरीत होणार नाही, पण बुडाशी जो दाट तपकिरी रस उरतो तो ओटीजीवाल्यांना मिळत नाही. कुकरमध्येही होतं. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर अर्धा तास, मग कढईत लाल करणं. घाईच्या दिवशी करा, पण त्याला रोस्ट म्हणताना थोडं ओशाळा.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही. लगेच कापलं तर सगळा रस ताटलीत. दोन किलोचं आता सव्वा-दीड किलो उरलेलं असतं. कातडी आधी वेगळी उचलून मोडायची, मग धाग्यांना आडव्या अशा जाड चकत्या. सोबत पोळी, ज्वारीची भाकर, पाव, जे घरात असेल ते. कांदा, लिंबू, वरून सांबार, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील तर कोथिंबीर. रस्सा नाही म्हणून कोणीतरी काकाजी जेवणाच्या सुरुवातीला नाराज होतात. ट्रेमधला रस गाळून, वरची चरबी काढून, वाटीत त्यांच्यापुढे ठेवायचा.

जेवायला बोलावताना काय केलंय ते स्पष्ट सांगायचं, आधीच, फोनवर. आल्यावर नव्हे, आणि खाऊन झाल्यावर तर नाहीच. जो खात नाही त्याच्यासाठी वेगळ्या कढईत भरलं वांगं, वेगळा चमचा, आणि एकदाही ‘चाखून तर बघा’ म्हणायचं नाही. एवढं पाळलं तर एकाच टेबलावर दोन्ही प्रकारची माणसं निवांत जेवतात, हे मी अनेक घरांत बघितलंय. लपवाछपवी सुरू झाली की मात्र सगळ्यांचाच घास अडतो.

उरलं तर दोन दिवसांत संपवा. थंड चकती, शिळी भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा, ही न्याहारी मला आदल्या रात्रीच्या जेवणापेक्षा थोडी जास्तच आवडते. गाळून ठेवलेली चरबी बाटलीत भरून फ्रीजमध्ये महिनाभर टिकते. तिच्यात परतलेल्या बटाट्यांची कृती शेवटच्या पानावर दिली आहे.